क्षमता निम्मी, वीज पाव

देशाच्या वीजनिर्मितीच्या इतिहासात जून २०२५ हा महिना उल्लेखनीय ठरला. देशातील एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल वा वायू न जाळणाऱ्या केंद्रांची झाली. २०३० सालासाठी ठरविलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी साध्य झाले. तथापि २०२४-२५ या वर्षी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत अशा केंद्रांचा वाटा सुमारे एक-चतुर्थांशच होता. उरलेली बहुतेक वीज कोळशाची होती. ही दोन्ही विधाने खरी आहेत.

क्षमता म्हणजे यंत्राची शक्ती. उत्पादन म्हणजे त्याने प्रत्यक्ष केलेले काम. एक मेगावॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण शक्तीने चालल्यास २४,००० युनिट वीज देते. कोळशाचे केंद्र रात्रीही चालू शकते. सौर केंद्र मात्र सूर्यास्तानंतर थांबते. त्यामुळे तेवढ्याच क्षमतेच्या सौर केंद्रातून दिवसाला सरासरी चार ते पाच हजार युनिटच मिळतात.

म्हणूनच एकाच साधनावर विसंबून चालत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते. परंतु त्याच काळात, जून ते सप्टेंबर, मोसमी वाऱ्यांमुळे पवनचक्क्या भरपूर वीज देतात. हिवाळ्यात वारा मंदावतो, तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो आणि उसाच्या चिपाडांपासून वीज निर्माण होते. धरणाचे पाणी तर सायंकाळी मागणी वाढताच सोडता येते.

धान्य कणगीत भरून ठेवता येते. वीज साठविणे तितके सोपे नाही. महाराष्ट्रातील घाटघर येथील २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. गुजरातमधील मोढेरा गावासाठी दिवसाची सौर वीज बॅटऱ्यांत साठवून रात्री वापरण्याची व्यवस्था २०२२ साली झाली.

साठवणीपेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे सूर्य असेतोवर वीज वापरणे. शेतीपंपाला हे विशेष लागू पडते. पिकाला पाणी दुपारी दिले काय वा मध्यरात्री दिले काय, पंपाला सारखेच. शेतकऱ्याला मात्र नाही. रात्रीचा पुरवठा म्हणजे काळोख, थंडी आणि सापविंचवाचे भय. २०१९ साली सुरू झालेल्या 'कुसुम' योजनेत सौर पंपांबरोबरच शेतीच्या वीजवाहिन्या सौर विजेवर चालविण्याची तरतूद याच हेतूने आहे. दिवसाची वीज दिवसाच शेतात पोहोचली, तर कोळसाही वाचेल आणि शेतकऱ्याची झोपही.