माशाच्या अंगावरचा डाग काय सांगतो?

नारिंगी अंग आणि त्यावर तीन पांढरे पट्टे असलेला मासा आपल्या मुलांनी पडद्यावर नक्की पाहिला असेल. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने तो घरोघरी पोचवला. इंग्रजीत त्याला क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा म्हणतात. तो खाऱ्या पाण्यातला. त्याची पेटी राखणे खर्चाचे काम असते, त्यामुळे ती आपल्यापैकी थोड्यांच्याच घरी असेल. परंतु दुसऱ्यांच्या घरी, कचेरीत अशा पेट्या साफ करण्याचे, मासे सांभाळण्याचे काम करणाऱ्या मुलांचा रोजगारच या माशांवर असतो. माशाच्या अंगावर डाग दिसला की मालक पहिला जाब त्यांनाच विचारतो. म्हणून हे डाग ओळखता आले पाहिजेत.

प्रथम काळे डाग पाहू. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. समुद्रफूल हे नावापुरते फूल. खरा तो प्राणी. त्याच्या बोटांसारख्या अवयवांत दंशपेशी असतात. इतर लहान मासे त्यांत सापडून मरतात. विदूषक माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचे रक्षण करतो. मात्र नवीन पेटीत, नवीन समुद्रफुलाशी किंवा प्रवाळाशी अंग घासू लागला की सुरुवातीला त्याच्या कातडीवर काळपट ठिपके, शाई सांडल्यासारखे डाग उठू शकतात. मासा नीट खात असेल, पोहत असेल, श्वास सावकाश असेल तर घाबरू नये. असे डाग बहुधा काही आठवड्यांत आपोआप फिके होतात. त्यावर औषध नको.

पांढऱ्या डागांचे मात्र तसे नाही. अंगावर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे दिसले तर तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग असण्याचा संभव असतो. यात एक फसगत होते. काही दिवसांनी ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून उतरून तळाशी कोश करून बसलेला असतो. त्या कोशातून पुष्कळ नवी पिले बाहेर पडतात आणि पुन्हा माशांवर चढतात. म्हणजे भीतिदायक दिसणारा काळा डाग निरुपद्रवी असू शकतो आणि गेलेला पांढरा डाग घातक ठरू शकतो!

अंगावर पांढुरका चिकट पापुद्रा आला, मासा धापा टाकू लागला, खाणे सोडले, तर ब्रुकलिनेला या परजीवीची शंका घ्यावी. विदूषक माशांत हा रोग विशेष आढळतो आणि थोड्या दिवसांत जीव घेतो. येथे वाट पाहत बसू नये. आजारी मासा ताबडतोब वेगळ्या टाकीत काढावा व जाणकाराला विचारूनच उपचार करावा. मिठासारख्या ठिपक्यांच्या रोगावर तांबेयुक्त औषध चालते, पण ब्रुकलिनेलावर ते लागू पडत नाही. शिवाय मूळ पेटीत तांबे ओतले तर समुद्रफूल, प्रवाळ आणि कोळंबी मरतात. एका माशासाठी सारी पेटी जाते.

काही माशांचे पट्टे मात्र लहानपणापासूनच अर्धवट असतात. पैदास केंद्रातल्या पिलांत असे पट्टे पुष्कळदा दिसतात. तो रोग नव्हे. पट्टे केव्हा उमटतात यावर २०२१ साली प्रसिद्ध झालेले संशोधन वाचण्यासारखे आहे. पापुआ न्यू गिनी देशातील किंबे उपसागरात एकाच जातीची पिले दोन वेगवेगळ्या प्रकारच्या समुद्रफुलांत राहतात. एका प्रकारात राहणाऱ्या पिलांचे पट्टे लवकर उमटतात, दुसऱ्यात उशिरा. लवकर पट्टे येणाऱ्या पिलांच्या शरीरात थायरॉईड ग्रंथीचा स्राव अधिक आढळला. जात एकच, पण घर बदलले की अंगावरची खूण उमटण्याचा काळही बदलतो. २०२४ साली जपानमधील ओकिनावा येथील संशोधकांनी दाखवून दिले की हे मासे दुसऱ्याच्या अंगावरील पट्ट्यांच्या संख्येवरून आपल्या जातीचा मासा ओळखतात. तीन पट्ट्यांच्या प्रतिकृतीवर ते सर्वाधिक चाल करून गेले. पट्टे म्हणजे नुसती नक्षी नव्हे, ते त्यांचे ओळखपत्र आहे.

पेटीतला मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले’ असे म्हणणारे आजही भेटतात. वास्तुशास्त्राच्या नावाने पेटीची दिशा बदलणारेही आहेत. मासा दिशेने मरत नाही. तो रोगाने, बिघडलेल्या पाण्याने आणि चुकीच्या औषधाने मरतो.

तेव्हा काम करणाऱ्या मुलांनी एक वही ठेवावी. डाग कोणत्या तारखेला दिसला, त्याचा रंग काय, मासा खातो की नाही, श्वास कसा आहे, हे रोज लिहावे. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच पेटीत सोडावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. पोवळ्याचे खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मालकाने आणायला सांगितले तरी आणू नयेत, कारण गुन्हा आणणाऱ्याच्या अंगावर येतो.

मालकाने जाब विचारला तर ही वही उघडून दाखवता येईल. तारखेनिशी लिहिलेल्या नोंदीपुढे कुणाचा आरोप सहसा टिकत नाही.