तोशिको होरिउची मॅकॲडम

तोशिको होरिउची मॅकॲडम (जन्म: इ.स. १९४०) या जपानमध्ये जन्मलेल्या व कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात स्थायिक झालेल्या वस्त्रशिल्पकार आहेत. क्रोशाने विणलेली भव्य जाळीशिल्पे ही त्यांची ओळख होय. या शिल्पांत मुलांना शिरता, चढता, लोळता आणि उड्या मारता येतात.

शिक्षण व आरंभीचे कार्य

टोकियोच्या तामा कला विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील क्रॅनब्रूक कला अकादमीची पदव्युत्तर पदवी मिळवली. न्यूयॉर्कमधील बोरिस क्रोल या कापड उत्पादक संस्थेत त्यांनी संकल्पक म्हणून काम केले. पुढे त्या छतापासून टांगलेली त्रिमितीय वस्त्रशिल्पे घडवू लागल्या.

स्पर्शाकडे वळण

इ.स. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या एका प्रदर्शनात काही मुले थेट टांगलेल्या शिल्पावर चढली. मुलांच्या भाराने ते ताणले, हलले व जणू सजीव झाले. कलादालनात एरवी वस्तूंना हात लावण्यास मनाई असते. या घटनेनंतर मात्र स्पर्श हाच त्यांच्या कलेचा पाया ठरला. टोकियोतील लहान घरे आणि मुलांना खेळण्यासाठी उरलेली अपुरी जागा यांचा विचार करून त्यांनी शहरातील उद्यानांचे व तेथे खेळणाऱ्या मुलांचे दीर्घकाळ निरीक्षण केले.

तंत्र

क्रोशाच्या विणकामात आकडी असलेल्या एकाच सुईने धाग्याचा एक फास दुसऱ्यातून ओढून घेतला जातो. साखळी व खांब हे त्यातील मूलभूत टाके होत. रुमाल किंवा तोरण विणताना वापरले जाणारे हेच तत्त्व मॅकॲडम जाड नायलॉन दोरासाठी योजतात. दोर रंगवणे व विणणे ही कामे हातानेच होतात. सर्व फास परस्परांत गुंतलेले असल्याने एका ठिकाणी पडलेला भार संपूर्ण जाळीत पसरतो. त्यामुळे एका मुलाने उडी मारली, की दूरच्या मुलालाही हेलकावा जाणवतो आणि अनोळखी मुले आपोआप एकत्र खेळू लागतात.

प्रमुख कलाकृती

• ओकिनावा येथील राष्ट्रीय उद्यानातील जाळी (इ.स. १९७९), भूदृश्यरचनाकार फुमिआकी ताकानो यांच्या सहकार्याने.
• साप्पोरोजवळील ताकिनो सुझुरान उद्यानातील इंद्रधनुषी जाळी (इ.स. २०००).
• हाकोने खुले संग्रहालय येथील ‘जाळ्यांचे वन’ (इ.स. २००९). तेझुका वास्तुरचनाकारांनी उभारलेल्या लाकडी मंडपात ही जाळी टांगलेली आहे. मंडपाच्या लाकडी सांगाड्यात धातूचे जोड वापरलेले नाहीत. जाळीत फक्त लहान मुलांनाच प्रवेश असतो.

महत्त्व

क्रोशाकाम दीर्घकाळ स्त्रियांचा फावल्या वेळचा उद्योग मानले गेले. मॅकॲडम यांच्या कार्याने या हस्तकौशल्याला शिल्पकला, वास्तुकला व सार्वजनिक अवकाश यांच्याशी जोडले. सततच्या वापराने या कलाकृती झिजतात व कालांतराने बदलाव्या लागतात. परंतु कलाकृती जपण्यापेक्षा ती हाताळली जाणे येथे अधिक मोलाचे मानले जाते. ब्राझीलचे कलावंत एर्नेस्तो नेतो यांनीही प्रेक्षकांना आत प्रवेश करता येईल अशा क्रोशाच्या मांडणीशिल्पांची निर्मिती केली आहे.