जनगणना आणि गावाचा नकाशा

जनगणनेत माणसांच्या आधी घरांची नोंद होते. आणि घरे सापडण्यास नकाशा बिनचूक असावा लागतो. सन २०११ नंतरची भारताची जनगणना सन २०२७ ची होय. तिच्यासाठी गाव-तालुक्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ अखेर गोठविण्यात आल्या. परंतु त्या सीमांच्या आत कोठे वाडी आहे, कोठे तांडा, कोठे मळ्यातील एकटे घर, हे गावकऱ्यांनाच ठाऊक असते. म्हणून ग्रामपंचायतीने अशा वस्त्यांची यादी, तेथे जाणाऱ्या पाऊलवाटांसह, तहसील कार्यालयास वेळीच कळवावी. प्रगणकाच्या नजरी नकाशात ओढा, विहीर, देऊळ, शाळा या खुणा उतरतील असे साहाय्य करावे. एक वस्ती सुटली, तर तेथील सर्व माणसे गणनेतून सुटतात. आणि पंचायतीची सदस्यसंख्या व निधी ठरविताना हीच लोकसंख्या धरली जाते.