मुलाखत नातवाची, धडधड घराची

नातू दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये मुलाखतीस निघाला, की आपलीही छाती धडधडू लागते. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२५ गुणांपैकी २७५ गुण त्या सुमारे अर्ध्या तासावर अवलंबून असतात. परतलेले उमेदवार सांगतात ते कोरड्या घशाचे नि गार पडलेल्या तळव्यांचे. हे अ‍ॅड्रेनॅलिनचे काम, आजार नव्हे. दोन-चार उत्तरांनंतर बहुधा ते ओसरते.

मात्र धडधड थांबावी म्हणून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांतील एखादी त्याच्या सामानात बांधून देऊ नका. (असे विचारणारे आजोबा माझ्याकडे येतातच!) प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. आदल्या रात्रीची झोप, सकाळी सवयीचाच नाश्ता आणि चहा एकच कप, एवढे पुरे. संध्याकाळी त्याचा फोन आला, की ‘काय विचारले?’ याआधी ‘जेवलास का?’ एवढे विचारा.