एका ओळीत उभी राहणारी परांची

गावच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि तिच्यावर नव्याने आलेल्या पुस्तकांची यादी दाखवायची आहे, असं समजा. त्यासाठी प्लगइन लिहायचं, म्हणजे मूळ यंत्रणेला धक्का न लावता जोडता येणारी सोय करायची. यादीचा कोड फार मोठा नसतो. नवशिका अडतो तो त्याआधीच. फोल्डर कुठे करायचा, फाइलला नाव काय द्यायचं, पहिल्या ओळीत काय लिहायचं?

इथे डब्ल्यूपी-सीएलआय मदतीला येतं. हे मोफत, मुक्त अवजार २०११ मध्ये सुरू झालं आणि २०१६ च्या अखेरीस वर्डप्रेसचा अधिकृत प्रकल्प बनलं. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, खिडकीत ‘डब्ल्यूपी स्कॅफोल्ड प्लगइन’ आणि पुढे प्लगइनचं नाव टाइप करून एंटर दाबलं, की डझनभर फाइली तयार होतात. स्कॅफोल्ड म्हणजे गवंड्यांची परांची. वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या दुसऱ्या यंत्रणेत अशा जोडणीला मॉड्यूल म्हणतात. तिथलं ‘ड्रश’ हे अवजार नाव, वर्णन असं एकेक विचारत सांगाडा उभा करतं.

आपल्या प्लगइनची तयार झालेली मुख्य फाइल उघडून पाहा. सुरुवातीलाच प्लगइनचं नाव, आवृत्ती, लेखक अशी टीप असते. कोडमधल्या टिपा एरवी माणसांसाठी असतात, ही मात्र वर्डप्रेस स्वतः वाचतं. फाइलचे पहिले ८ किलोबाइट तपासून त्यात नाव सापडलं, तरच प्लगइन यादीत दिसतं. ही टीप लिहायची राहून गेल्यामुळे अनेकांचा पहिला दिवस वाया जातो.

त्याच टिपेत ‘टेक्स्ट डोमेन’ अशी एक ओळ असते. प्लगइनमधला मजकूर कोणत्या नावाखाली भाषांतरित होणार, हे ती सांगते. ही ओळ चुकली आणि कोडमधल्या नावाशी जुळली नाही, तर कुणी कष्टाने केलेलं मराठी भाषांतरही पडद्यावर उमटेलच असं नाही. अवजार ती पहिल्या दिवसापासून बिनचूक भरतं. मराठीत साइट चालवणाऱ्या प्रत्येकाला या एका ओळीचं मोल कळावं, असं मला मनापासून वाटतं.

बांधकाम झालं की परांची उतरवतात. ही परांची मात्र आपण काढली नाही, तर प्लगइनमध्येच राहते. म्हणून प्रत्येक फाइल वाचावी, समजून घ्यावी आणि नको ती काढून टाकावी. ‘टेस्ट्स’ फोल्डरमधली नमुना चाचणी तर आवर्जून उघडावी. ‘खरं हे खरं आहे ना?’ एवढंच ती तपासते, त्यामुळे ती कधीच नापास होत नाही. तिथेच एक सूचना असते, की हे काढून खरी चाचणी लिहा. वाचनालयाच्या यादीपुरतं बोलायचं, तर पहिली चाचणी अशी असावी: आज नोंदवलेलं पुस्तक यादीत सर्वांत वर दिसतं का?