‘सर्व्हर डाऊन आहे’ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एरंडोल तालुक्यातील शेतकऱ्याचा जो सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून हस्तलिखित नकलेच्या रूपाने हाती पडत असे, तो १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीसह महाजालावर मिळू लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणीचा आरंभ झाल्यावर कापसाच्या पेऱ्याची नोंदही बांधावर उभे राहून मोबाइलमधून करणे शक्य झाले. या सोयीबरोबरच ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य गावोगाव इतके रूढ झाले, की कागद न मिळाल्याचे कारण विचारणाराही ते ऐकून मुकाट्याने परत फिरतो. ऐकणाऱ्याने ते मान्य करावे हे समजण्यासारखे आहे. परंतु जळगावच्या विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडलेले आणि पतसंस्था, महाविद्यालये, व्यापारी पेढ्या यांची संकेतस्थळे सांभाळणारे तरुणही जेव्हा याच वाक्यावर विसंबतात, तेव्हा त्यामागील गैरसमजांची रुजुवात करणे अगत्याचे ठरते.

गैरसमज १ : पान उघडले नाही, म्हणजे सर्व्हर बंद पडला.

वस्तुस्थिती : सर्व्हर खरोखरच बंद असेल, तर पलीकडे उत्तर देणारे कोणीच नसते आणि जोडणी न झाल्याचा मजकूर ब्राउझर स्वतःच दाखवतो. पडद्यावर तीन अंकी क्रमांक उमटला असेल, तर उत्तर कोणीतरी दिले आहे हे निश्चित. चारने आरंभ होणारे क्रमांक मागणीतील दोष दाखवतात. पाचने आरंभ होणारे सर्व्हरच्या बाजूचा. यांतील ५०२ आणि ५०४ यांविषयी गोंधळ फार. बहुतेक ठिकाणी एनजिनएक्ससारखा सर्व्हर पुढे राहून मागणी स्वीकारतो आणि ती मागच्या प्रोग्रामकडे सोपवतो, जसा तहसील कचेरीतील आवक-जावक कारकून अर्ज घेतो, पण त्यावरील हुकूम आतून होतो. ५०२ याचा अर्थ कारकून जागेवर आहे, परंतु आत कोणी नाही, किंवा आतून आलेला जबाब ग्राह्य नाही. ५०४ याचा अर्थ मुदतीत जबाब आलाच नाही. आणि ५०३ याचा अर्थ तूर्त काम स्वीकारता येत नाही. एनजिनएक्समध्ये ही मुदत, वेगळी न ठरवल्यास, ६० सेकंदांची असते. ती वाढवून ३०० केल्याने दोष जात नाही, वापरणाऱ्याची प्रतीक्षा तेवढी लांबते. विलंब ज्या डेटाबेस-प्रश्नामुळे होतो, तो शोधणे हाच उपाय होय.

गैरसमज २ : गर्दीच्या दिवशी संकेतस्थळ अडले, तर अधिक मेमरीचे यंत्र घ्यावे.

वस्तुस्थिती : महाविद्यालयाचा निकाल लागण्याच्या दिवशी पीएचपीवर चालणारे संकेतस्थळ अडते, त्याचे कारण अनेकदा यंत्राची दुर्बलता नसून एका ओळीतील मर्यादा असते. पीएचपी-एफपीएम एका वेळी किती मागण्या हाताळील, हे त्याच्या ‘मॅक्स चिल्ड्रन’ या संख्येवर ठरते, आणि सोबत मिळणाऱ्या नमुना-फाइलमध्ये ती संख्या ५ असते. पाच मागण्या चालू असता सहावी रांगेत थांबते. यंत्राची मेमरी दुप्पट केली, तरी ती ओळ बदलल्याखेरीज सहावीची सुटका नाही. मर्यादा गाठल्याची सूचना एफपीएम आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. ती वाचावी, एका प्रक्रियेला किती मेमरी लागते ते मोजावे, आणि त्या हिशेबाने संख्या वाढवावी.

गैरसमज ३ : बंद करून पुन्हा सुरू केले, की दोष गेला.

वस्तुस्थिती : पुन्हा सुरू केल्याने लक्षण जाते, कारण राहते, आणि पुष्कळदा पुरावाही नाहीसा होतो. डॉकरमधील कंटेनर केवळ थांबवून पुन्हा सुरू केला, तर त्याचा लॉग साधारणपणे टिकतो. परंतु तो काढून टाकून नवा उभा केला, तर जुन्या कंटेनरबरोबर डॉकरने राखलेला लॉगही जातो. म्हणून आधी लॉगची प्रत घ्यावी, आणि कंटेनर कोणत्या क्रमांकाने थांबला ते पाहावे. तो क्रमांक १३७ असेल, तर १२८ अधिक ९ असा त्याचा हिशेब आहे : नवव्या क्रमांकाच्या संकेताने, म्हणजे सक्तीने, ती प्रक्रिया मारली गेली. याचे नेहमीचे कारण मेमरीची मर्यादा ओलांडणे हे असते, आणि ‘डॉकर इन्स्पेक्ट’च्या जबाबात ‘ओओएम-किल्ड’ या नावापुढे ‘ट्रू’ आढळले, तर त्याविषयी संशय उरत नाही.

गैरसमज ४ : कंटेनर म्हणजे लहानसे स्वतंत्र यंत्र.

वस्तुस्थिती : आभासी यंत्राला स्वतःचा कर्नल असतो, कंटेनर मात्र यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो आणि केवळ वेगळ्या कप्प्यात चालणारी प्रक्रिया असतो. १९७९ सालच्या युनिक्समधील ‘सी-एच-रूट’पासून या कल्पनेचा माग काढता येतो, २००८मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत साधनांची मर्यादा ठरवणारे ‘सी-ग्रुप्स’ आले, आणि २०१३मध्ये प्रकट झालेल्या डॉकरने हे सारे सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणले. स्वरूपाचे हे ज्ञान नसले, की दोन अपघात ठरलेले. पहिला असा, की सभासदांची कागदपत्रे कंटेनरच्या आतच साठवली जातात आणि कंटेनर काढताच ती नष्ट होतात. जे राखायचे ते व्हॉल्यूममध्ये ठेवावे लागते. दुसरा ‘लोकलहोस्ट’चा. कंटेनरच्या आत हा शब्द त्या कंटेनरलाच उद्देशून असतो, म्हणून शेजारच्या कंटेनरातील डेटाबेस त्या नावाने सापडत नाही. तेथे सर्व्हिसचे नाव द्यावे लागते. त्याच न्यायाने, आतला प्रोग्राम केवळ १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असेल, तर पोर्ट बाहेर जाहीर करूनही बाहेरची मागणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याला ०.०.०.० या पत्त्यावर ऐकू द्यावे लागते. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते’ या तक्रारीचा उगम पुष्कळदा येथेच असतो.

गैरसमज ५ : कोरे पान आले, तर त्रुटी पडद्यावर दाखवाव्यात; फाइल उघडत नसेल, तर ७७७ची परवानगी द्यावी.

वस्तुस्थिती : चालू संकेतस्थळावर पीएचपीची त्रुटी पडद्यावर न दाखवणे ही शिस्त आहे, कारण त्या मजकुरात फाइलींचे मार्ग आणि डेटाबेसचा तपशील असू शकतो. तीच त्रुटी एरर-लॉगमध्ये, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक यांसह, नोंदवता येते. तेथेच ती वाचावी. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व यांना वाचणे, लिहिणे व चालवणे यांची पूर्ण मुभा. वेब सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला हव्या त्याच फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार देणे पुरेसे असते.

गैरसमज ६ : मराठी मजकूर बिघडला, तर दोष फाँटचा.

वस्तुस्थिती : ‘एरंडोल’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते, युनिकोडमध्ये अनुस्वार आणि ओकाराची मात्रा स्वतंत्र धरून ती सहा चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने एकूण अठरा बाइट. पीएचपीचे साधे ‘स्ट्रलेन’ १८ सांगते, ‘एमबी-स्ट्रलेन’ ६. साध्या फंक्शनने हे नाव दहा बाइटांवर छाटले, तर तीन चिन्हे पूर्ण राहतात आणि चौथ्याचा एकच बाइट उरतो, ज्याला काही अर्थ नाही. निदानाची आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. अक्षरांऐवजी लॅटिन चिन्हांची निरर्थक रांग दिसली, तर बहुधा बाइट शाबूत असून ते चुकीच्या एन्कोडिंगने वाचले जात आहेत. परंतु डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मूळ मजकूर नष्ट झाला आहे, आणि कोणताही फाँट तो परत आणू शकत नाही.

तात्पर्य एवढेच, की यांतील जवळजवळ प्रत्येक दोष स्वतःची नोंद कुठेतरी करून ठेवतो; उणीव असते ती नोंद वाचण्याच्या सवयीची. म्हणून तक्रार करणाऱ्याने पडद्यावरील क्रमांक, वेळ आणि आपण कोणते बटण दाबले होते, हे तिन्ही लिहून द्यावे. आणि दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी लॉग वाचावा, त्याची प्रत ठेवावी, आणि दोषाचे नाव कळेपर्यंत ‘सर्व्हर डाऊन’ असा शेरा मारू नये.