जाळी लावली म्हणजे ट्रॅम्पोलिन सुरक्षित झालं का?

अमेरिकेतल्या मराठी घरांमागच्या अंगणात उन्हाळ्यात हे दृश्य नेहमीचं. जाळीने वेढलेलं मोठं ट्रॅम्पोलिन, त्यात एकदम उड्या मारणारी चार-पाच मुलं, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा खुर्ची टाकून लक्ष ठेवून बसलेले. मुलं बाहेर पडली नाहीत की झालं, असंच सगळे धरून चालतात.

पण बहुतेक इजा आतच होतात. बालरोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या संघटनेने २०१२ साली जाहीर केलेल्या भूमिकेनुसार, सुमारे तीन-चतुर्थांश इजा एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात. त्यातही सगळ्यांत हलक्या मुलाला धोका जड सोबत्याच्या १४ पट. कारण सोपं आहे. दहा वर्षांचा दादा जोरात उतरतो, कापड खोल दबतं आणि उसळून वर येतं. नेमक्या त्याच क्षणी तीन वर्षांची धाकटी खाली येत असेल, तर मऊ वाटणारं ते कापड तिच्या पायांना टणक जमिनीसारखं लागतं. गुडघ्याखालचं कोवळं हाड पिचतं. ती पडलेली नसते, कुठे आपटलेली नसते. सूजही फारशी दिसत नाही, म्हणून घरचे ‘पाय मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळत बसतात. मूल पाय टेकवायला तयार नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्याच.

जाळी निरुपयोगी नाही, पण ती फक्त बाहेर पडणं अडवते, तेही धड असेल तर. उन्हाने ती विरते, स्प्रिंगांवरच्या गाद्या फाटतात. शिवाय जाळी पाहून मोठी माणसं निर्धास्त होतात, हे मला जास्त घातक वाटतं.

‘आम्ही लक्ष ठेवतो’ हेही पुरेसं नाही. एक-तृतीयांश ते निम्म्या इजा मोठ्यांच्या देखत झालेल्या आहेत. लक्ष ठेवायचं म्हणजे ‘एका वेळी एकच’ हा नियम पाळायला लावायचा. पाहुण्यांच्या मुलांना ‘उतर’ म्हणणं आजीला जड जातं. ते आई-वडिलांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवावं.

कोलांटउडी तर नकोच. २००० सालापासून ट्रॅम्पोलिन ऑलिंपिकमध्ये आहे, पण तिथले खेळाडू प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं सराव करून आलेले असतात. अंगणात मान वाकडी पडून मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते.

अकॅडमीच्या मते घरी ट्रॅम्पोलिन नसलेलंच बरं, आणि मलाही ते पटतं. असेलच, तर सहा वर्षांखालच्या मुलांना त्यावर चढू देऊ नका. आणि खेळ संपला की शिडी काढून गॅरेजमध्ये ठेवा. दुपारी घर झोपलेलं असताना धाकटी एकटीच तिकडे जाते.